रिसर्च मेथड्सचा पेपर: समाजकार्यवाले आणि पब्लिक हेल्थवाले एकाच वर्गात

उंबरठा (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होते, आज पहिलाच धागा काढतेय. सांभाळून घ्या.

एमएसडब्ल्यू करतेय, वैद्यकीय आणि मनोविकार समाजकार्य घेऊन. यंदापासून आमचा रिसर्च मेथड्सचा पेपर पब्लिक हेल्थच्या विद्यार्थ्यांबरोबर एकत्र केलाय. वर्गात उजवीकडे ते, डावीकडे आम्ही. कुठलाही अभ्यास चर्चेला आला की त्यांचा पहिला प्रश्न 'सँपल किती?' आणि आमचा 'त्या माणसांना कुणी विचारलं का?'. दोघांनाही समोरच्याचा प्रश्न बाळबोध वाटतो. शिकवायला दोघं आलटून पालटून येतात आणि एकाने सोमवारी सांगितलेलं दुसरा गुरुवारी मोडीत काढतो.

माझ्या डेझर्टेशनचा (प्रबंधाचा) विषय सध्या असा आहे: 'दीर्घकालीन आजार असलेल्या रुग्णांच्या काळजीवाहू नातेवाइकांच्या मनोसामाजिक समस्यांचा अभ्यास'. गाइडने तो वाचला आणि म्हणाले, "क्वालिटेटिव्ह कर, स्टॅटिस्टिक्स तुला झेपायचं नाही." क्वालिटेटिव्ह म्हणजे आकड्यांऐवजी मुलाखती, निरीक्षणं यांवर चालणारं संशोधन. गणितात मी ढ नाही, त्यामुळे ते जरा लागलं.

तर विचारायचं असं, की समाजकार्याच्या माणसाला आकडेवारी खरंच किती लागते? क्वालिटेटिव्ह म्हणजे गणिताला घाबरणाऱ्यांची पळवाट, असं उजवीकडचे लोक बोलत नाहीत पण चेहऱ्यावर आणतात, त्यात तथ्य आहे का? आणि या विषयाचं काय करू? सिनॉप्सिस (प्रबंधाचा आराखडा) पुढच्या महिन्यात द्यायचाय.


टोपीवाला मासा

पुढचे प्रतिसाद वाचायला खुर्ची टाकून बसलोय. एवढंच सांगतो, 'मनोसामाजिक समस्यांचा अभ्यास' असं शीर्षक असलेली डेझर्टेशन्स कपाटात शेवटच्या कप्प्यात असतात आणि ती काढायला शिडी लागते.


गुणाकार

एपिडेमिऑलॉजी (लोकसंख्येतल्या रोगांचा अभ्यास) शिकवतो, म्हणजे तुमच्या वर्गातल्या उजव्या बाजूचा माणूस. तरी गाइडचं म्हणणं मला पटलेलं नाही. झेपणार नाही म्हणून पद्धत निवडायची नसते, प्रश्नावरून निवडायची असते. आणि तुमच्याकडे अजून प्रश्नच नाही, विषय आहे. 'समस्यांचा अभ्यास' ही एक दिशा झाली. त्या दिशेने चालत गेलात तर कुठे थांबायचं ते कळणार नाही.

स्वतःला विचारा: कुणाबद्दल? दीर्घकालीन आजार म्हणजे मधुमेहही आला, स्किझोफ्रेनियाही आला आणि पक्षाघातही. या तिघांच्या घरातली रात्र सारखी नसते. मग: काय जाणून घ्यायचंय? किती जणांना ताण आहे, ताण कशामुळे आहे, की ताण कसा असतो? 'किती' ला सर्वेक्षण लागतं, चांगलं सँपल लागतं. 'कशामुळे' ला तुलना लागते. 'कसा' ला माणसांपाशी बसावं लागतं. शेवटचा प्रश्न निवडलात तर तुम्ही कसलीही पळवाट काढलेली नाही. पण 'किती' विचारून बारा मुलाखती घेतल्यात, किंवा 'कसा' विचारून हो-नाहीची प्रश्नावली वाटलीत, तर व्हायवाला (तोंडी परीक्षेला) परीक्षक सोलून काढतील आणि त्यांचं बरोबर असेल.

विषय छाटून पुन्हा टाका इथे. मग बोलू.


उंबरठा

गुणाकार सर, खूप आभार. छाटला. माझं फील्डवर्क एका डायलिसिस युनिटमध्ये आहे. तिथे नियमित येणाऱ्या रुग्णांची घरची माणसं धरली तर साधारण चाळीस. आम्ही ट्रेनी लोक त्यांच्यासाठी दर आठवड्याला सपोर्ट ग्रुप घेतो. त्या ग्रुपमुळे केअरगिव्हर्सचा ताण कमी होतो का, हे बघावं असं डोक्यात आलं. ग्रुपच्या आधी स्केल भरून घ्यायचं, आठ आठवड्यांनी पुन्हा भरून घ्यायचं आणि फरक काढायचा. झॅरिट बर्डन इंटरव्ह्यू हे काळजीवाहूंवरचा भार मोजणारं स्केल सापडलं, २२ प्रश्न, ० ते ८८ गुण. म्हणजे आता 'कशामुळे' मध्ये आले ना मी?


गुणाकार

आलात, आणि दारातच दोन खड्डे आहेत.

पहिला: ग्रुपला कोण येतं? ज्याचा जीव मेटाकुटीला आलाय तो. म्हणजे तुम्ही माणसाला त्याच्या सगळ्यात वाईट आठवड्यात पकडून स्केल भरून घेणार. आठ आठवड्यांनी त्याचा स्कोअर ग्रुप असो नसो, बऱ्यापैकी खाली आलेला असेल, कारण टोकाला गेलेली मापं पुढच्या वेळी सरासरीकडे सरकतात. गाल्टनने १८८६ मध्ये आईवडील आणि मुलांच्या उंचीत हेच दाखवलं. याला रिग्रेशन टू द मीन म्हणतात. नुसत्या आधी-नंतरच्या अभ्यासात हे श्रेय बिनबोभाट तुमच्या ग्रुपच्या खात्यावर जमा होतं. ते वेगळं काढायचं तर ग्रुपला न जाणारे, पण बाकी सारखेच, लोक तुलनेला हवेत. शक्य तर चिठ्ठ्या टाकून वाटलेले.

दुसरा खड्डा संख्येचा. दोन गटांच्या सरासरीची तुलना करायची असेल तर पाठ करून ठेवण्याजोगा हिशेब आहे: एका गटात लागणारी माणसं म्हणजे १६ भागिले परिणामाच्या आकाराचा वर्ग. यात ८० टक्के पॉवर (खरा फरक असेल तर तो सापडण्याची शक्यता) आणि ५ टक्के सिग्निफिकन्स (फरक नसताना तो आहे असं दिसण्याची शक्यता) गृहीत धरलेले आहेत. परिणामाचा आकार म्हणजे दोन सरासरींमधला फरक भागिले स्टँडर्ड डेव्हिएशन (मापं सरासरीभोवती किती पसरलीत ते). मध्यम परिणाम ०.५ धरला तर वर्ग ०.२५, आणि १६ भागिले ०.२५ म्हणजे ६४. एका गटात ६४, दोन्ही मिळून १२८, वर गळती धरा. परिणाम ०.३ चाच असेल, जो अशा ग्रुप्सच्या बाबतीत अगदी शक्य आहे, तर एका गटात १७८ च्या आसपास.

तुमच्याकडे चाळीस आहेत. वीस-वीसचे गट केलेत आणि फरक सिग्निफिकंट आला नाही, तर ग्रुपचा उपयोग नाही की माणसं कमी पडली, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. आणि 'सिग्निफिकंट नाही' याचा अर्थ अहवालात 'परिणाम नाही' असा लिहिला जाईल, तो वाचून कुणीतरी तो ग्रुप बंद करेल.


शंकासुर

माफ करा, पण हे जरा अतीच होतंय. ग्रुपला येणारी माणसं स्वतः सांगतात की आम्हाला बरं वाटतं, मोकळं वाटतं. त्यांच्या तोंडून आलेला हा पुरावा कमी पडतो का? एकटा पडलेला माणूस आठवड्यातून एकदा चार लोकांत बसतो, याने नुकसान तर होणार नाही ना! मग कंट्रोल ग्रुप (तो तुलनेचा गट), पॉवर, १६ भागिले अमुक, हे सगळं कुणासाठी? मदत करणाऱ्याने मदत करावी. मोजत बसणं हे फंड देणाऱ्यांचं काम.


रात्रपाळी

शंकासुर, 'नुकसान तर होणार नाही ना' याच वाक्यासाठी एक जुना अभ्यास मला तोंडपाठ आहे. नर्सिंगमध्ये पीएचडी करतेय, आमच्या पहिल्या सेमिस्टरला तो शिकवतात.

केंब्रिज-सॉमरव्हिल यूथ स्टडी. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये १९३९ साली सुरू झाला. वाया जाण्याची शक्यता असलेली आणि नसलेली अशी दोन्ही प्रकारची लहान मुलं घेतली, साधारण सारख्या मुलांच्या जोड्या लावल्या, आणि नाणं उडवून जोडीतल्या एकाला मदत, दुसऱ्याला काही नाही. मदत कसली? कौन्सेलर घरी जायचा, अभ्यासात शिकवणी, वैद्यकीय उपचार, उन्हाळी शिबिरं. सरासरी पाच वर्षं. आज कुठलीही संस्था अभिमानाने माहितीपत्रकात छापेल असा कार्यक्रम. शेवटी दोन्ही गटांत २५३-२५३ मुलं उरली, एकूण ५०६.

जोन मॅकॉर्ड या संशोधिकेने सत्तरच्या दशकात त्यांना, म्हणजे तोवर मध्यमवयीन झालेल्या पुरुषांना, शोधून काढलं आणि १९७८ मध्ये निष्कर्ष छापले. मदत मिळालेल्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश म्हणाले की त्या कार्यक्रमाचा आम्हाला उपयोग झाला. मनापासून म्हणाले. पण पुन्हा पुन्हा गुन्हे, दारूच्या व्यसनाची लक्षणं, गंभीर मानसिक आजार, लवकर मृत्यू, अशा कितीतरी बाबतींत मदत मिळालेला गट न मिळालेल्यापेक्षा वाईट निघाला. एकाही मापावर तो सरस नव्हता.

दुसरा गट नसता तर हाती फक्त ती दोन तृतीयांशांची कृतज्ञता उरली असती आणि कार्यक्रम यशस्वी म्हणून नोंदला गेला असता. मदत करणारा आणि मदत घेणारा दोघंही प्रामाणिक असतात, तरी ती लागू पडली का हे दोघांनाही आतून दिसत नाही. मेथड्सच्या पेपरातलं मला पटलेलं सगळ्यात मोठं कारण हेच.


टोपीवाला मासा

खुर्चीवरून पडलो.


शंकासुर

वाचून बराच वेळ काही लिहिलं नाही. ठीक आहे, मान्य. पण मग पुढचा प्रश्न साहजिक आहे: असं का झालं? आकडा 'वाईट निघाले' एवढंच सांगतो. त्यात शिकण्यासारखं काय?


जुनी वही

शंकासुरांनी बरोबर जागी बोट ठेवलं. मी रुग्णालयात मेडिकल सोशल वर्कर होते, आता निवृत्त आहे. रात्रपाळीने सांगितलं त्याच्या अलीकडचा आणि पलीकडचा भाग मी सांगते.

अलीकडचा असा. हा अभ्यास उभा केला रिचर्ड कॅबट यांनी. हे डॉक्टर. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये १९०५ साली समाजकार्याचं काम सुरू करणारे तेच. दारात आलेल्या रुग्णाच्या घरात काय चाललंय हे कळल्याशिवाय निदान अपुरं, अशी त्यांची धारणा. पुढच्याच वर्षी आयडा कॅनन तिथे आल्या आणि त्यांनी तो विभाग कित्येक वर्षं चालवला. म्हणजे उंबरठा, तू ज्या शाखेत शिकतेस तिच्या दारावर पहिली पाटी लावणाऱ्यांपैकी एक माणूस. तोच १९३१ मध्ये समाजकार्याच्या राष्ट्रीय परिषदेत अध्यक्ष म्हणून उभा राहिला आणि समाजकार्य करणाऱ्यांना म्हणाला की तुमच्या कामाचं फलित मोजा. केंब्रिज-सॉमरव्हिल सुरू झाला त्याच वर्षी ते वारले, निष्कर्ष बघायला राहिले नाहीत. तेव्हा मोजणं हे 'त्यांचं' आणि ऐकणं हे 'आपलं', ही वाटणी इतिहासाला धरून नाही. शिकागोच्या हल हाउसच्या बायकांनी १८९५ मध्ये आजूबाजूच्या वस्तीचे नकाशे छापले, घरोघर जाऊन कोण कुठल्या देशातून आलं आणि आठवड्याला किती कमावतं ते रंगांनी दाखवलं. समाजकार्याला पदवी वगैरे मिळण्याआधीची ही गोष्ट.

आता पलीकडचा भाग, शंकासुरांसाठी. त्या कौन्सेलर मंडळींनी प्रत्येक भेटीनंतर सविस्तर केस रेकॉर्ड लिहून ठेवले होते. मॅकॉर्डना 'का' चा माग लागला तो त्या कागदांतून. घरातलं वातावरण, आईचा स्वभाव, देखरेख कितपत, हे सगळं त्यांनी त्या नोंदी वाचून कोड केलं, म्हणजे ठरावीक गटांत मांडलं. पुढे असंही दिसलं की उन्हाळी शिबिरांना एकाहून अधिक वेळा पाठवलेल्या मुलांत नुकसान जास्त एकवटलंय. एकमेकांच्या संगतीत उनाडक्या वाढल्या असाव्यात, हे एक स्पष्टीकरण. काहीतरी बिनसलं हे नाण्याने सांगितलं. कुठे बिनसलं ते सापडलं कुणीतरी थकून भागून रात्री लिहिलेल्या वहीत. आजकाल केस रेकॉर्ड म्हणजे टिक करायचे चौकोन झालेत, त्याबद्दल मी बोलायला लागले तर धागा भरकटेल.


उंबरठा

वहीकाकू, कॅबट आमच्या इतिहासाच्या पेपरात आहेत, पण रुग्णालयाच्या दारापर्यंतच! हे पुढचं कुणी सांगितलंच नाही.

मी विषय पुन्हा बदलतेय. चाळीस माणसांत ग्रुपचा परिणाम मोजता येणार नाही हे पटलं. मग 'कसा' कडे वळते. डायलिसिस चालू असतानाचे ते चार तास केअरगिव्हर कसे काढतात, आणि त्या वेळेचा त्यांच्या ताणाशी काय संबंध लागतो? मुलाखती घेईन. हे क्वालिटेटिव्ह झालं, पण आता गाइडने सांगितलं म्हणून नव्हे. तरी मनात एक धाकधूक आहेच, की हे सोपं तर होत नाहीये ना?


रात्रपाळी

सोपं? हाहा. ये इकडे.

तासाभराची एक मुलाखत कागदावर उतरवायला चार ते सहा तास धर. तेही रेकॉर्डिंग स्वच्छ असेल तर. डायलिसिस युनिटमध्ये मशीनचे अलार्म दर थोड्या वेळाने वाजतात आणि नेमके महत्त्वाच्या वाक्यावर वाजतात. वेगळी खोली माग. त्याला दुसरंही कारण आहे: रुग्ण हाकेच्या अंतरावर पडलेला असताना त्याची बायको 'मी थकले' असं म्हणणार नाही. 'सगळं ठीक चाललंय' म्हणेल आणि तू तेच टाइप करशील.

मग कोडिंग, म्हणजे मजकुराच्या तुकड्यांना अर्थाची नावं देणं. लोकांना वाटतं की चांगली वाक्यं हायलायटरने रंगवली की झालं. उदाहरणासाठी एक वाक्य रचते. केअरगिव्हर म्हणते: "मशीन सुरू झालं की चार तास माझे. कुणी काही मागत नाही. पण बाहेर पाऊल टाकवत नाही, खुर्चीतच बसून असते."

पहिल्या वाचनात कुणीही कोड देईल 'मोकळा वेळ'. काम होत नाही त्याने, तो विषय झाला. पुन्हा वाच. वेळ मोकळा आहे, ती मोकळी नाही. कोड बदलून 'वेळ आहे, सुटका नाही' कर. 'कुणी काही मागत नाही' हे वेगळं काढ, कारण त्यातून घरी सतत कुणीतरी काहीतरी मागतं हे न बोलता आलंय. आता पुढच्या मुलाखतीत समज एक मुलगा भेटला, तो म्हणतो, "आईला सोडतो आणि ऑफिसच्या कॉलवर बसतो, तेवढंच होतं." त्याच चार तासांत हा बाहेर जाऊ शकतो आणि ती का नाही? नात्यामुळे, नोकरीमुळे, की मशीनवर काही झालं तर आपण जवळ हवं या भीतीमुळे? हा प्रश्न तुझ्या मूळ प्रश्नावलीत नव्हता, तो दुसऱ्या मुलाखतीने आणून दिला. तिसऱ्या मुलाखतीत तो विचारायचा. म्हणून मुलाखत घेणं आणि विश्लेषण बरोबरीने चालतात. सगळ्या मुलाखती उरकून मग कोडिंगला बसणाऱ्यांची फार पंचाईत होते.

आणि प्रत्येक निर्णय का घेतला याची नोंद ठेव, तारखेसकट. कोड कधी बदलला, कुठले दोन एकत्र केले. परीक्षकाने 'हे तुमच्या मनाचे खेळ कशावरून नाहीत?' विचारलं की ती नोंद पुढे करायची.

जाता जाता: 'तुम्ही औषधं वेळेवर देता का आणि पथ्य सांभाळता का?' असला जोडप्रश्न तुझ्या मुलाखतीच्या प्रश्नयादीत असेल तर आत्ताच फोड. उत्तर 'हो' आलं तर ते कशाला आलं ते कळत नाही.


शंकासुर

मुलाखती किती? 'सॅच्युरेशन येईपर्यंत' असं प्रत्येक प्रबंधात वाचलंय. हे सॅच्युरेशन नेमकं मुदत संपायच्या आठवड्यात कसं येतं, हे मला पडलेलं कोडं आहे.


रात्रपाळी

हे जिव्हारी लागलं, कारण खरं आहे.

ग्लेसर आणि स्ट्रॉस यांनी १९६७ मध्ये ग्राउंडेड थिअरी (गोळा केलेल्या माहितीतूनच सिद्धांत उभा करण्याची पद्धत) मांडली तेव्हाची कल्पना अशी होती की एखाद्या कल्पनेबद्दल नव्या माहितीतून नवं काही हाती लागेनासं झालं की थांबा. आता ते वाक्य रबरी शिक्क्यासारखं कुठेही उमटतं. २००६ मध्ये गेस्ट, बन्स आणि जॉन्सन यांनी पश्चिम आफ्रिकेतल्या दोन देशांत स्त्रियांच्या ६० मुलाखती घेतल्या आणि नवे कोड कधी थांबले ते तपासलं. बहुतेक सगळे पहिल्या १२ मध्ये आले होते, आणि ढोबळ विषय तर पहिल्या ६ मध्येच. तेव्हापासून १२ हा आकडा लोकांनी ताईत करून गळ्यात बांधलाय. पण त्या मुलाखती बऱ्यापैकी सारख्या लोकांच्या होत्या, प्रश्न ठरलेले होते. तुझ्याकडे बायका, नवरे, मुलं, सुना असे सगळे असतील तर १२ मध्ये प्रत्येकी तीन. तेव्हा एकतर कुणाशी बोलायचं ते आवळ, फक्त जोडीदार घे, नाहीतर संख्या वाढव. आणि सॅच्युरेशन आलं असं लिहायचं तर कितव्या मुलाखतीत किती नवे कोड निघाले याचा तक्ता दे. वाचणारा काय ते ठरवेल.


टोपीवाला मासा

अवांतर: उजवीकडच्या बाकांची कुणीच कशी खेचत नाही? त्यांची पापं सांगा की.


गुणाकार

सांगतो. आमच्याकडचं सर्वांत लाडकं पाप म्हणजे प्रश्नावलीतल्या प्रत्येक गोष्टीची प्रत्येक गोष्टीशी ची-स्क्वेअर (दोन गोष्टींत संबंध आहे का हे तपासणारी चाचणी) लावणं. वय विरुद्ध ताण, शिक्षण विरुद्ध ताण, घरातली माणसं विरुद्ध ताण, असे वीस तक्ते. प्रत्यक्षात कुठेच काही संबंध नसला तरी ५ टक्क्यांच्या पातळीवर अशा वीस स्वतंत्र चाचण्यांत निदान एक तरी सिग्निफिकंट यायची शक्यता सुमारे ६४ टक्के. मग तो एक तक्ता सारांशात जातो, उरलेले एकोणीस परिशिष्टात, आणि चर्चेच्या प्रकरणात त्याला साजेसं कारण शोधून काढतात. कारण सापडतंच. माणसाला कारणं सापडतातच.

दुसरं, क्रॉनबाखचा अल्फा ०.७ च्या वर आला की स्केल पवित्र झालं असं मानायचं. प्रश्न एकमेकांशी जुळतात एवढंच तो सांगतो. जे मोजायचंय तेच मोजलं जातंय का, याबद्दल तो चकार शब्द काढत नाही.

तिसरं, सोयीचं सँपल घ्यायचं आणि निष्कर्ष जगाचा काढायचा. १९३६ च्या अमेरिकेच्या निवडणुकीत लिटररी डायजेस्ट साप्ताहिकाने सुमारे एक कोटी मतपत्रिका पोस्टाने पाठवल्या, वीस लाखांहून जास्त परत आल्या, आणि लँडन जिंकणार असं छापलं. रुझवेल्ट प्रचंड फरकाने आले. पत्ते घेतले होते टेलिफोन आणि मोटारीच्या याद्यांतून, आणि उत्तर कोणी दिलं तर ज्यांना हौस होती त्यांनी. वीस लाख माणसंसुद्धा चुकीच्या दारातून आली तर कामाची नाहीत. हे उंबरठा, तुम्हालाही लागू आहे: युनिटमध्ये थांबणारे केअरगिव्हर तुम्हाला भेटतील. रुग्णाला सोडून निघून जाणारे, किंवा रुग्ण एकटाच येतो ती घरं, तुमच्या अभ्यासात नसतील. तसं स्वच्छ लिहा, त्यात कमीपणा नाही.


जुनी वही

आता एक अवघड गोष्ट. उंबरठा, तू तिथे ट्रेनी आहेस. हीच माणसं तुझ्याकडे औषधांच्या मदतीचे अर्ज भरायला येतात, ग्रुपला येतात. तू उद्या रेकॉर्डर काढून विचारणार, "माझ्या अभ्यासासाठी बोलाल का?" त्यांना 'नाही' म्हणता येईल का? अर्ज तुझ्या हातात आहे.

संमतीपत्रावर सही घेतली की आपण सुटलो असं विद्यार्थ्यांना वाटतं. टस्कीगीच्या सिफिलिस (एक गुप्तरोग) अभ्यासाचं नाव वर्गात झालं असेल. १९३२ ते १९७२, अलाबामा. सुमारे ६०० कृष्णवर्णीय पुरुष, त्यांपैकी ३९९ जणांना सिफिलिस, आणि पेनिसिलिन १९४७ च्या सुमारास प्रचलित उपचार झालं तरी त्यांना ते मिळू दिलं नाही. वर्गात डॉक्टरांचा आणि सरकारी खात्याचा दोष सांगतात, तो आहेच. पण चाळीस वर्षं ही माणसं अभ्यासात टिकली कशी? त्यात युनिस रिव्हर्स या नर्सचा मोठा वाटा होता. त्याही कृष्णवर्णीय, त्याच भागात काम करणाऱ्या. गाडीतून माणसांना तपासणीला नेणं, घरची विचारपूस, जिव्हाळा, सगळं खरं. आपण फील्डवर्कमध्ये जे 'रॅपो' म्हणून शिकतो तेच. त्याच विश्वासावर तो अभ्यास चालला. आणि त्याविरुद्ध आतून आवाज उठवला पीटर बक्स्टन यांनी. ते त्याच आरोग्य खात्यात गुप्तरोगाच्या रुग्णांच्या मुलाखती घ्यायचं काम करत. १९६६ मध्ये तक्रार केली, दाद लागली नाही, अखेर १९७२ मध्ये वर्तमानपत्रांत आलं तेव्हा तो थांबला. संशोधनात भाग घेणाऱ्या माणसांच्या संरक्षणाची तत्त्वं सांगणारा बेल्मॉन्ट अहवाल १९७९ चा, तो या प्रकरणानंतरचा.

तुझा अभ्यास कुणाचं औषध अडवणार नाही, ठाऊक आहे. पण चांगलं बोलता येणं हे आपल्या व्यवसायाचं हत्यार आहे आणि संशोधनात ते दोन्ही बाजूंनी चालतं. तू मुलाखतीत बसलीस आणि ती बाई रडायला लागली, तर तू कोण? वर्कर असशील तर रेकॉर्डर बंद करून तिच्याजवळ बसशील. संशोधक असशील तर मनात म्हणशील, डेटा छान येतोय. दोन्ही एकदम मनात येतं, येतंच. एथिक्स कमिटीच्या अर्जात ते आधीच लिहून ठेव: कुठल्या क्षणी रेकॉर्डिंग थांबवशील, पुढे कुणाकडे पाठवशील, नंतर ते रेकॉर्डिंग वापरायचं की नाही हे कोण ठरवेल. तिने ठरवायचं, दुसऱ्या दिवशी, शांत झाल्यावर.


शंकासुर

वहीकाकूंच्या प्रतिसादासाठी धागा वाचनखुणांत टाकला. मी आलो होतो भांडायला.


उंबरठा

सगळ्यांचे आभार कसे मानू. गाइडकडे आज गेले होते. हिशेबाचा कागद, १६ भागिले ०.२५ चा, पुढे ठेवला आणि म्हटलं की ग्रुपचा परिणाम मोजायचा विचार केला होता पण माणसं पुरत नाहीत, म्हणून मुलाखती. कागद दोनदा वाचला आणि "बरं" म्हणाले. त्यांच्याकडून एवढं पुष्कळ आहे.

सध्या सिनॉप्सिस असा: डायलिसिसवर असलेल्या रुग्णांचे जोडीदार सत्राच्या वेळात काय करतात, त्या वेळेकडे कसं बघतात, आणि त्यातला विसावा कुठे अडतो. मुलाखती सुरुवातीला १२, नव्या कोडचा तक्ता बघून पुढे. झॅरिट स्केल फक्त प्रत्येकाची ओळख करून देण्यापुरतं भरून घेणार, तुलना नाही, चाचणी नाही. रात्रपाळीताई, स्केल वापरायला परवानगी लागते का? नेटवर पीडीएफ सहज मिळते.


रात्रपाळी

मिळते म्हणजे वापरायची मुभा आहे असं नव्हे. त्याचे हक्क राखीव आहेत. विद्यार्थी म्हणून अर्ज कर आणि उत्तराची प्रत परिशिष्टात लाव. आत्ताच कर, वेळ लागतो.

आणि संमती कोण घेणार ते ठरवलंस का?


उंबरठा

वहीकाकूंचं वाचून तेच बदललं. माझी बॅचमेट दुसऱ्या विभागात आहे, तिच्याकडे या लोकांचे अर्ज जात नाहीत. माहिती ती देणार आणि संमतीही तीच घेणार. 'नाही' म्हणणाऱ्यांची नावं तिच्याकडेच राहतील, मला कळणार नाहीत.


जुनी वही

आणि तो अर्ज भरण्याचं काम?


उंबरठा

अभ्यास चालू असेपर्यंत ते सीनियर वर्करकडे. त्या आधी कुरकुरल्या, मग तयार झाल्या. बदल्यात त्यांच्या तीन महिन्यांच्या मासिक अहवालांची टायपिंग माझ्याकडे आलीय.